नदी खोल करण्याआधी वरच्या गावांशी बोला

तुमचा प्रश्न मला असा समजला. सह्याद्रीच्या माथ्यावरून निघणारी तुमची छोटी नदी चौदा गावांतून वाहत पुढे मोठ्या नदीला मिळते. वरची गावं डोंगरात आहेत, तिथे जंगल, नाचणी आणि जनावरं. मधल्या गावांत भात आणि ऊस. सगळ्यात खाली तालुक्याचं गाव. जानेवारीच्या आसपास धार तुटते, डोहांत उरलेलं पाणी हिरवं पडतं आणि पावसाळ्यात गढूळ लोंढा काठ खात जातो. एका कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून, पोकलेन आणि डिझेल द्यायची तयारी दाखवली आहे. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: खोलीकरण लगेच करून घ्यावं का, आणि गावं, वनखातं, कारखाना, नगरपंचायत यांना एकत्र कसं आणावं?

मी बरीच वर्षं पाणलोटाच्या कामात आहे. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत. नदीची दुखणी खाली दिसतात, पण त्यांची कारणं वर आणि मध्ये असतात. वरच्या आणि मधल्या लोकांनी काही सोडल्याशिवाय नदी सुधारत नाही. त्यांनी काय सोडायचं आणि त्या बदल्यात त्यांना कोण काय देणार, हे ठरवणं म्हणजे भागीदारी. एवढं ठरलं नसेल, तर एका मंचावर कितीही पाहुणे बसवले तरी ती फक्त सभा असते.

आधी, परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. तुमची नदी पूर्वी बारमाही होती का, हे सत्तरीच्या पुढच्या माणसांना विचारा, आणि विशेषतः बायकांना, कारण पाणी त्यांनीच भरलं आहे. कोणत्या महिन्यापर्यंत धार असायची, कोणता डोह कधीच आटला नाही, झरे कुठे होते, हे नकाशावर लिहून घ्या. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात लहान पाणलोटाच्या पुष्कळ नद्या पूर्वीही मे महिन्यात आटायच्याच. अशा नदीकडून बारमाही धारेची अपेक्षा ठेवली, तर चांगलं काम होऊनही लोक निराश होतात. धार दीड-दोन महिने पुढे सरकली आणि डोह टिकले, तर ते मोठं यश समजावं. दुसरी गोष्ट जमिनीच्या मालकीची. डोंगरउतार राखीव जंगलात आहे, खासगी मालकीचा आहे की गायरान, यावर कोणाशी बोलायचं ते ठरतं. त्यासाठी गट नंबरांचा नकाशा आधी हातात हवा.

आता खोलीकरण. काही ठिकाणी गाळ काढावाच लागतो: जुन्या बंधाऱ्यामागे साठलेला, पुलाच्या मोऱ्यांत अडकलेला, किंवा वस्तीजवळ प्रवाहाची वाटच बंद करणारा. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणला वाशिष्ठीतला गाळ काढला गेला, त्यामागे कारण होतं. पण सबंध नदी सरळ आणि खोल खणणं ही वेगळी गोष्ट आहे. आपल्याकडे मातीखाली मुरुम आणि कुजलेल्या, भेगाळ खडकाचा थर असतो, त्याखाली अभेद्य पाषाण. पावसाचं पाणी त्या मधल्या थरात साठतं. विहिरींना तेच पाणी लागतं, आणि दिवाळीनंतर नदीत वाहतं तेही तेच, काठातून हळूहळू पाझरणारं. नदीचा तळ तुम्ही दोन-अडीच मीटर खाली नेला, की आजूबाजूच्या थरातलं पाणी लवकर नदीत उतरतं आणि वाहून जातं. पहिल्या वर्षी खड्ड्यात पाणी चमकतं, फोटो छान येतात. पण काठच्या विहिरींची पातळी फेब्रुवारीतच खाली जाते. शिवाय डोहांच्या तोंडाशी खडकाचे नैसर्गिक उंबरे असतात, त्यांनीच पाणी अडवलेलं असतं. पोकलेनवाल्याला ते अडथळे वाटतात. एकदा फोडले की तो डोह संपला आणि त्यातले मासेही संपले. आणि उतारावरची माती सुटी असेपर्यंत खणलेली नदी दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा भरते.

याचं आपल्या देशातलं सगळ्यात बोलकं उदाहरण चंडीगडचं आहे. १९५८ मध्ये बांधलेला तिथला सुखना तलाव गाळाने झपाट्याने भरू लागला. शोध घेत गेल्यावर शिवालिकच्या पायथ्याचं सुखोमाजरी हे गाव समोर आलं. तिथल्या उघड्या टेकड्यांवर शेळ्या-गुरं चरत होती आणि माती थेट तलावात येत होती. १९७० च्या दशकात मृदसंधारण संस्थेचे पी. आर. मिश्रा यांनी तिथे काम सुरू केलं. टेकड्यांवर झाडं लावली, चर काढले, पण लोकांची चराई थांबेना. थांबणार कशी? जनावरं हेच त्यांचं पोट होतं. गावासाठी छोटे मातीचे बंधारे बांधून शेतीला पाणी मिळालं, तेव्हा लोकांनी आपणहून टेकड्या राखायला सुरुवात केली. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या पाण्यात प्रत्येक घराला वाटा मिळाला, भूमिहीन घरालासुद्धा. ज्याच्याकडे शेत नाही त्याने आपला वाटा दुसऱ्याला विकायचा. गावाला पाणी आणि गवत मिळालं, आणि शहराच्या तलावात येणारा गाळही घटला. चराईबंदीचा भार सगळ्यात आधी भूमिहीन आणि पशुपालक घरांवर पडतो, म्हणून तिथल्या वाटणीतला हा भाग मी दरवेळी आवर्जून सांगतो. तुमच्या वरच्या गावांत धनगरवाडे किंवा कातकरी वस्त्या असतील, तर पहिली बैठक त्यांच्यासोबत घ्या, सरपंचांची नंतर.

दुसरं उदाहरण दूरचं आहे, पण शेती, नदी आणि जंगल ही तिन्ही अंगं इतक्या स्पष्टपणे एका करारात आलेली मला दुसरीकडे क्वचितच दिसली. न्यूयॉर्क शहराला मिळणारं बहुतेक पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअर या डोंगराळ पाणलोटांतून येतं, आणि ते न गाळता पुरवलं जातं. १९८९ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने नियम केला की पाणलोट सुरक्षित असल्याचं दाखवा, नाहीतर गाळण्याचं केंद्र बांधा. त्या केंद्राचा खर्च काही अब्ज डॉलरच्या घरात होता. शहराने आधी सोपा मार्ग धरला: वरच्या शेतकऱ्यांवर कडक नियम लादायचे. तिथले दूधउत्पादक शेतकरी खवळले. त्यांच्या रागाला जुनं कारणही होतं. शहराची धरणं बांधताना विसाव्या शतकात त्याच खोऱ्यांतली गावं बुडाली होती, माणसं उठवली गेली होती. कोयना किंवा उजनीच्या धरणग्रस्तांशी ज्याचं बोलणं झालं आहे, त्याला हा राग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

मग बोलणी झाली. ठरलं ते असं: शेतीसुधारणेचा खर्च शहराने उचलायचा, पण कार्यक्रम शेतकऱ्यांच्या स्वतःच्या परिषदेने चालवायचा. एकेका शेतकऱ्यावर सक्ती नाही. मात्र मोठ्या शेतांपैकी ८५ टक्के या कार्यक्रमात यायला हवीत, हे सामूहिक उद्दिष्ट. प्रत्येक शेताचा वेगळा आराखडा झाला. कुठे शेण साठवायची पक्की जागा, कुठे गुरं ओढ्यात उतरू नयेत म्हणून कुंपण आणि पाण्याची वेगळी सोय, कुठे ओढ्याकाठी झाडांचा पट्टा. खासगी जंगलांच्या मालकांसाठी जंगल राखून लाकूड कसं काढावं याची मदत. १९९७ मध्ये शहर, राज्य, केंद्राची पर्यावरण संस्था, वरची गावं आणि पर्यावरण संघटना यांच्यात सविस्तर करार झाला. त्यात शहराने जमीन घ्यायची ती राजीखुशीने विकणाऱ्याकडूनच, असं लिहिलं गेलं. वरच्या गावांचं सांडपाणी सुधारायला आणि तिथले उद्योग वाढवायला शहराने निधी द्यायचा, हेही ठरलं.

त्यांचे आकडे आपल्याला लागू नाहीत. न्यूयॉर्ककडे पैसा आहे, तिथली शेतं मोठी आहेत आणि मागे कायद्याचा दट्ट्या होता. तुमच्याकडे यातलं काही नाही. पण बोलण्यांचा क्रम घेण्यासारखा आहे. ‘तुम्ही प्रदूषण करता’ इथून सुरू झालेलं भांडण ‘तुम्ही आमचं पाणी राखता, त्याची किंमत आम्ही देऊ’ इथवर आलं, तेव्हाच काम पुढे सरकलं. आपल्याकडेही असा छोटा प्रयोग आहे. हिमाचलमधल्या पालमपूरच्या नगरपालिकेने २०१० मध्ये आपल्या झऱ्याचा पाणलोट राखणाऱ्या बोहल गावच्या समितीला दरवर्षी १० हजार रुपये द्यायचं मान्य केलं. रक्कम लहान आहे, पण जंगल राखणाऱ्याचं देणं शहराने लेखी कबूल केलं, याचं मोल मोठं आहे. तुमच्या तालुक्याच्या नगरपंचायतीला पाणीपट्टीतून असं काही करता येईल का, हा प्रश्न विचारायची हीच वेळ आहे.

आता तुमच्या खोऱ्यात कोणाकडून काय हवं, ते पाहू.

वरच्या गावांत पहिला शत्रू वणवा. फेब्रुवारी ते मे या काळात ‘जाळलं की गवत चांगलं येतं’ म्हणून किंवा नुसत्या हलगर्जीपणाने डोंगर पेटतात. रोपं मरतात, पालापाचोळा राख होतो आणि जूनच्या पहिल्या सरींत उघडी माती नदीत येते. माझ्या अनुभवात एका पैशाला सगळ्यात जास्त परतावा देणारं काम म्हणजे डिसेंबर-जानेवारीत जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढणं आणि उन्हाळ्यात गावच्याच पोरांना रोजंदारीवर राखणदार नेमणं. त्यानंतर चराई. पूर्ण बंदी मागू नका. डोंगराचा एक भाग पाळीपाळीने बंद ठेवा आणि तिथलं गवत कापून नेण्याचा हक्क त्याच घरांना द्या. आणि एक कळकळीची सूचना: तीन-चार हजार मिलिमीटर पावसाच्या तीव्र उतारावर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले लांब खड्डे) खोदायला कोणी सुचवलं तर थांबा. नगर-बीडच्या कोरड्या माळावर चर उत्तम काम करतात. घाटमाथ्यावर तेच चर नको तिथे पाणी मुरवून उतार सरकवू शकतात. तिथे ओघळींत अनघड दगडांचे छोटे बांध आणि राखलेली झाडी पुरेशी आहे. सड्यांवर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट खडकाळ पठारांवर, तर झाडं लावूच नका. तिथलं गवत आणि पावसाळी फुलं हीच त्या जमिनीची खरी वनस्पती.

जंगल राखीव असेल तर वनखात्याशिवाय पान हलणार नाही, म्हणून वनरक्षक आणि वनपाल यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. पण वरच्या एखाद्या गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले असतील, तर त्या जंगलाचं व्यवस्थापन ग्रामसभेच्या हाती येतं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर असे हक्क मिळाले, आणि पुढे बांबूच्या विक्रीचं उत्पन्न थेट ग्रामसभेकडे आलं. जंगल आपलं आहे हे कागदावर असलेलं गाव वेगळ्याच जोमाने वणवा विझवतं, हे मी पाहिलं आहे. दावा करायचा राहिला असेल, तर त्या कामात मदत करणं हीच तुमच्या गटाची वरच्या गावांना पहिली भेट होऊ शकते.

मधल्या गावांत गोष्ट अवघड होते, कारण तिथे माणसं गरीब नाहीत आणि वेळ कमी आहे. हिरवं पाणी हे खताचं आणि गोठ्याच्या सांडपाण्याचं काम आहे, त्यात थांबलेल्या पाण्याची भर. तिथे ‘विषमुक्त शेती करा’ असं व्याख्यान देऊन कोणी बदलत नाही. बदल होतो तो खर्चाच्या हिशेबाने. माती परीक्षण करून घ्या, उसाला खत हप्त्याहप्त्याने द्या, पाचट न जाळता सरीत ठेवा, जमेल तिथे ठिबक करा. खताची गोणी वाचली की शेतकरी शेजाऱ्याला आपणहून सांगतो. इथे साखर कारखान्याचे शेतकी कर्मचारी कामाला येतात, कारण ते प्रत्येक बांधावर जातातच. बांधावरचं तणनाशक आधी थांबवा. काठाची माती धरून ठेवणारं लव्हाळं आणि गवत त्यानेच मरतं.

काठाच्या पट्ट्याचा विषय काढाल तेव्हा हिशेब सोबत ठेवा. एखाद्याच्या शेताला १०० मीटर नदीकाठ असेल आणि तुम्ही ३ मीटर रुंद पट्टा मागितलात, तर ते ३०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ३ गुंठे झाले. एकरभर जमीन असलेल्याला ते परवडत नाही. म्हणून पट्ट्यात बाहेरच्या बाजूला चाऱ्याचं गवत, आत करंज, जांभूळ, उंबर आणि पाण्यालगत वाळुंज, निर्गुडी असं नियोजन करा. चारा आणि फळ मालकाचं. पहिल्या तीन वर्षांचं नुकसान निधीतून भरून द्या, आणि ते रोख द्या. मी पाहिलेल्या खोऱ्यांत जिथे ही भरपाई ठरली नव्हती, तिथे पट्टा दुसऱ्याच हंगामात नांगराखाली गेला.

उसाखालचं क्षेत्र आणि बोअर यांवर मर्यादा घालणं हा सगळ्यात कठीण विषय, तो सुरुवातीला काढू नका. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर आणि ऊस यांना नकार दिला आणि पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत बसवली, पण ते एक गाव होतं आणि पोपटराव पवारांसारखं दीर्घकाळ टिकलेलं नेतृत्व होतं. तुमच्याकडे चौदा गावं आहेत. आधी प्रत्येक गावात पर्जन्यमापक बसवा आणि ठरलेल्या विहिरींची पातळी महिन्यातून एकदा फळ्यावर लिहा. दोन वर्षांचे आकडे गावाने स्वतः पाहिले की उसाची चर्चा गावच सुरू करतं.

आता एकत्र आणण्याबद्दल. चौदा गावांची मोठी परिषद आत्ता घेऊ नका. नदीला मिळणारा एकच ओढा निवडा, दोन-तीन गावांचा, ज्यात वरचं, मधलं आणि खालचं असं तिन्ही प्रकारचं गाव असेल. राजस्थानातल्या अरवरी नदीची संसद पुष्कळांना माहीत आहे: नदीच्या पाण्याचे नियम ठरवणारी सत्तरएक गावांची सभा. पण अलवरच्या त्या भागात तरुण भारत संघ या संस्थेच्या मदतीने जोहड (पावसाचं पाणी अडवणारे मातीचे बांध) बांधायला सुरुवात झाली १९८० च्या दशकाच्या मध्यात, आणि संसद बसली १९९० चं दशक संपता संपता. आधी पाणी आलं, मग ते वाटायचं कसं हा प्रश्न आला आणि मग संसद आली. आपण उलटं करतो. समिती आधी, लोगो आधी, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आधी.

त्या ओढ्यासाठी साध्या मराठीत करार लिहा, चार-पाच पानांचा. कोण काय करणार, कधीपर्यंत, बदल्यात काय मिळणार, पैसे कोणाच्या खात्यात येणार, भांडण झालं तर कोणाकडे जायचं आणि बांधलेलं काम फुटलं तर दुरुस्ती कोण करणार. तो प्रत्येक ग्रामसभेत वाचून ठराव करा. खातं गावाच्या समितीचं असावं आणि हिशेब चावडीवर लावावा. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाने संगमनेर भागात दरेवाडी, कुंभारवाडीसारख्या गावांत हेच केलं: गावाची समिती, आधी श्रमदान, चराईबंदी-कुऱ्हाडबंदीचा निर्णय गावाचा आणि पैसे थेट गावापर्यंत. श्रमदानाचा अर्थ फुकट मजुरी असा होऊ देऊ नका. हातावर पोट असलेल्याला मजुरी द्या, श्रमदान जमीनवाल्याकडून घ्या. बैठकीत निम्म्या बायका हव्यात, आणि बैठकीची वेळ त्यांच्या सोयीची.

समन्वयक कोण, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण खोरं जुळतं किंवा मोडतं ते तिथेच. तो कंपनीचा माणूस नसावा, निवडणुकीला उभा राहणारा नसावा, आणि पगारी असावा. संध्याकाळी फावल्या वेळात चौदा गावं सांभाळता येत नाहीत. रोजगार हमी, वनखातं, कृषी विभाग यांच्या योजनांतून बांधकामाला पैसा मिळतो. हा एक पगार मात्र कोणत्याच योजनेत सहजी बसत नाही, आणि भागीदाऱ्या तिथेच दम तोडतात.

म्हणून कंपनीला काय सांगायचं ते सांगतो. त्यांना नाही म्हणू नका. सीएसआरच्या नियमांनुसार चालू प्रकल्प सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं चालतो, हे त्यांना माहीत असतं. तेव्हा त्याच चौकटीत मागा: समन्वयकाचा पगार, वणव्याचे राखणदार, काठपट्ट्याची भरपाई आणि पाण्याची नियमित तपासणी. पोकलेनचे तास शेवटी ठेवा, आणि तेही भूजल विभागाच्या माणसाने जागा पाहून आखून दिलेल्या ठिकाणी, जुन्या बंधाऱ्यामागचा गाळ काढण्यापुरते. तो गाळ वरच्या नाचणीच्या शेतांना मोफत पोचवायचं डिझेलही त्यांच्याकडूनच घ्या. कंपनीला उद्घाटनाचा फोटो हवा असतो. जाळरेषेवर उभ्या असलेल्या राखणदारांसोबत तो काढता येतो, आणि मी ओळखतो त्यातल्या बऱ्याच अधिकाऱ्यांना हे नीट समजावलं तर पटतं. नाहीच पटलं, यंत्रच हवं म्हणाले, तर यंत्र यंदा नको म्हणून कळवा आणि एका ओढ्याचं काम गावांच्या आणि रोजगार हमीच्या बळावर सुरू करा. पावसाळा संपला की नोव्हेंबरमध्ये विहिरींच्या नोंदी घ्यायला लागा, डिसेंबरात जाळरेषा काढा. ओढ्याचं नाव, गावांची यादी आणि गट नंबरांचा नकाशा तयार झाला की मला पाठवा. उतार आणि मालकी पाहून कुठे दगडी बांध घालायचे आणि कुठे हात लावायचा नाही, ते मी खुणा करून देईन.